उणे सदुसष्ट

५ जानेवारी, सोमवार

आज उदयसिंह सरांनी माझ्या टेबलावर एक फाइल ठेवली आणि म्हणाले, "ही तुझी." एवढंच. मी उघडून बघेपर्यंत ते बाहेर गेलेसुद्धा.

सोलापूर स्टेशनजवळच्या सहा मजली इमारतीची गच्ची हे एक टोक. मंद्रूपच्या पुढे माळावर नवा टॉवर उभा राहिलाय ते दुसरं. मधलं अंतर चोवीस किलोमीटर. दोन्हीकडे एकेक डिश बसवून मायक्रोवेव्हने जोडायचं आहे. टॉवरवर मोबाइलचे अँटेना लागलेत, पण शहराशी जोडणीच नाही, त्यामुळे आजूबाजूच्या चार वाड्यांना फोन लागत नाही. सरांना कंत्राट देणाऱ्या मोबाइल कंपनीला हे काम एकतीस तारखेच्या आत हवं आहे. माझ्या नोकरीचे प्रोबेशनचे सहा महिनेही एकतीसलाच संपतात, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. सरांनी मुद्दाम जुळवलं की योगायोग, कळत नाही.

कामाची नोंदवही ऑफिसात असते. ही वही माझी. हिच्यात भीती वाटली तर भीती वाटली असं लिहिता येतं. आज वाटली.

८ जानेवारी, गुरुवार

दिवसभर गच्चीवर. ओठ फुटलेत. सगळं नीट लिहून ठेवते, कारण काहीतरी चुकलंय आणि काय ते समजत नाही.

तिकडे टॉवरवर येडूभाऊ चढले होते. आमच्याकडचे सगळ्यात जुने रिगर, म्हणजे टॉवरवर चढून डिश बांधणारे, चाळीस-पंचेचाळीस वय, मूळचे मंद्रूपकडचेच. इकडे मी. गच्चीवरचा खांब कमरेच्या थोडा वर, त्यामुळे माझ्या डिशचे बोल्ट मीच फिरवते.

तिकडची डिश नवी नाही, दुसऱ्या जागेवरून काढून आणलेली. येडूभाऊंचा फोन आला. माळावर नेटवर्क नाही, टॉवरच्या टोकाला तेवढं लांबचं कुठलं तरी तुटक तुटक मिळतं.

"ताई, ह्याला कुनीतरी रंग फासलाय. खुणाच दिसंनात. तोंड कसं लावू?"

तोंड म्हणजे डिशच्या मागे रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा-घेणारा डबा, जोडायची चौकोनी धातूची नळी. काडेपेटीच्या टोकासारखं तिचं भोक, एका बाजूने लांबट. डिशवर एरवी इंग्रजी व्ही आणि एच अशा खुणा असतात, त्या बघून रिगर लावतात. व्ही म्हणजे व्हर्टिकल, लहर उभी हलते. एच म्हणजे आडवी. दोन्ही टोकांना एकच हवी. आपल्या परवान्यात व्ही आहे.

मी म्हटलं, "उभं."

"काय? आवाज येईना."

"उभं. उभं लावा."

"बरं. उभं."

मग दोन तास आम्ही डिश इंच इंच फिरवत होतो. हिशोबाप्रमाणे सिग्नल उणे अडतीस यायला हवा होता. आला उणे सदुसष्ट. हे आकडे शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. एकोणतीसचा फरक म्हणजे ताकद जवळजवळ हजार पटीने कमी.

सर म्हणाले, "उद्या बघू." त्यांचा चेहरा फोनवर दिसत नाही याचं बरं वाटलं.

९ जानेवारी, शुक्रवार

परत तेच. उणे सदुसष्ट.

मी असा विचार करते: डिशमधून जो झोत निघतो तो बॅटरीच्या झोतासारखा. मधोमध मुख्य झोत, आपल्या डिशचा पावणेदोन अंश रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना फिके फिके झोत असतात. नवखा माणूस फिक्या झोतावर थांबतो आणि सापडलं म्हणतो. आज मी डिश डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवली. आकडा थोडा चढला, मग खड्डा, मग परत थोडा चढला. मोठा डोंगर कुठेच नाही. म्हणजे माझ्याकडून मी मधोमध आहे आणि तिकडची डिश बाजूच्या झोतावर अडकलीय, असं मला वाटतं.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे येडूचं चुकलं."

मी म्हटलं, "असू शकतं." हे वाक्य मला आवडलेलं नाही, पण शक्यता आहे हे खरं आहे.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी असून बसने मंद्रूपला गेले. वाटेत कुठे अडथळा उभा राहिलाय का ते बघायचं होतं. दोन डिशच्या मधली सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, रेषेभोवती फुगीर जागा मोकळी लागते, मध्यावर तर सोळा मीटरपर्यंत. नकाशावर खुणा करून तीन ठिकाणी उतरले. एके ठिकाणी विजेचा नवा मनोरा दिसला तेव्हा एवढा आनंद झाला की लाज वाटते लिहायला. मोजलं तर तो रेषेपासून दीडशे मीटर बाजूला.

वडिलांची, म्हणजे आप्पांची, मेंढरं या महिन्यात मंद्रूपच्या अलीकडे एका तोडलेल्या उसाच्या फडात खतासाठी बसवलीत. आमचं गाव सांगोल्याकडे, पण थंडीत आप्पा असेच कुणाच्या ना कुणाच्या रानात असतात. जाऊन आले. आईने बाजरीची भाकरी दिली, वर शेंगांची चटणी. तिचं पहिलं वाक्य, "लई वाळलीस." ते दर वेळी असतं.

आप्पांनी विचारलं, "तुजं काम नेमकं काय गं? कुनी इचारलं की मी म्हनतो, टावरात हाय. लोकं म्हनत्यात, म्हंजी राखनीला?"

मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना तोंडाला हात कसे लावता?"

त्यांनी दोन्ही तळवे तोंडापुढे धरले.

"त्याला हॉर्न म्हणतात. तुमचा आवाज चहूकडे सांडत नाही, पुढे जातो. आमच्याकडे पत्र्याचा असतो, तसाच पुढे रुंद होत गेलेला. पण चोवीस किलोमीटरला एवढा पुरत नाही. मग त्याच्यापुढे एक मोठी परात उभी करायची. हॉर्नमधनं निघालेलं सगळं परातीवर आपटतं आणि परातीच्या बाकामुळे सगळं एकाच दिशेला सरळ निघतं. तिकडेही तशीच परात, ती आलेलं सगळं गोळा करून मधल्या हॉर्नमध्ये टाकते."

"आन त्या टावरावर लांबडे डबे लावल्यात ते?"

"ते फोनसाठी. तुमचा फोन कुठल्या रानात असेल सांगता येत नाही ना, म्हणून ते पंख्यासारखं रुंद पसरवतात. तीन डबे, तीन दिशा. आणि तुमच्या फोनच्या आत पण आहे अँटेना, तांब्याची चकती, नखाएवढी."

आप्पांनी फोन खिशातून काढला, उलटा केला, परत ठेवला. मग मेंढरांकडे बघत बसले. मला वाटलं कंटाळले. उठताना शेजारच्या रानातल्या माणसाला सांगत होते, "परात लावती आमची. चोवीस किलोमीटरला." मला जरा अवघडल्यासारखं झालं, कारण लावली आहे पण चालत नाही, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

१२ जानेवारी, सोमवार

येडूभाऊ परत चढले. पुन्हा तेच. तिकडून फोन.

"ताई, येक बोलू का? तुमच्या हिकडच्या डिशचं तोंड येकदा बघून यिऊ का मी? सोलापुरात यायचंच हाय मला."

सकाळपासून मी उन्हात उभी होते. मागे सर उभे होते. मला वाटलं, याला संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला यायचंय आणि निमित्त शोधतोय. मी म्हटलं, "येडूभाऊ, कामाचं बोला. डिश डावीकडे घ्या."

"व्हय, घेतो की."

त्यांनी घेतली. उणे सत्तर. मग परत उजवीकडे. उणे सदुसष्ट.

सरांनी माझ्याकडून फोन घेतला आणि येडूभाऊंवर ओरडले. खाली उतरताना म्हणाले, "पूर्वी असा नव्हता हा. वय झालं, लक्ष नाही." मी काही बोलले नाही. न बोलणं म्हणजे हो म्हणणं होतं का, हे तेव्हापासून मनात आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ऑफिस बंद. सगळे रस्ते जत्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीला दिलेले, बाराबंदी, म्हणजे पांढरे बंदांचे अंगरखे, घातलेली माणसं खोलीच्या खालून जात होती. मी दोन्ही रेडिओंचे चाचणीचे आकडे परत तपासले. रेडिओ ठीक आहेत. केबल ठीक आहे. जोडणीत पाणी शिरलेलं नाही.

येडूभाऊंचा तिळगुळाचा मेसेज आला, मेंढीच्या पिल्लाच्या चित्रासकट. लिहून दोनदा खोडलं. शेवटी "आपणासही" लिहिलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

कंपनीचा माणूस आला होता. पंधरा दिवस उरलेत, कारण लेखी द्या म्हणाला. तो गेल्यावर सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"दोषाचं कारण: टॉवरवरची डिश चुकीच्या झोतावर बसवली. जबाबदार: येडू. सोमवारी पाठवायचं. मी दुसरा रिगर मागवतो."

"मग येडूभाऊंचं काय?"

"कंपनीच्या यादीतून नाव जाईल. एकदा गेलं की दुसरे कंत्राटदारही चढवत नाहीत." मग म्हणाले, "मलाही आवडत नाही सुकन्या. बारा वर्षं माझ्याबरोबर आहे तो. पण तुझीच मोजणी आहे ना?"

मोजणी माझीच आहे. आमच्या घरात फॉर्म भरणारी मी पहिली. रेशनचा, मेंढ्यांच्या विम्याचा, आईच्या आधारचा, सगळे मीच भरले. त्यात चुकीचं काही लिहिलं तर त्याचा त्रास दुसऱ्याच कुणाला तरी होतो, हे मला आठवीत असताना कळलंय. आईची जन्मतारीख मी अंदाजाने घातली होती, ती दुरुस्त करायला तिला चार वेळा तालुक्याला जावं लागलं.

म्हणून ठरवलं: सही करण्याआधी दोन्ही टोकांची प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघून लिहायची. उद्या गच्चीपासून सुरुवात.

१७ जानेवारी, शनिवार

सापडलं.

फॉर्मवर एक रकाना आहे: लहरीची दिशा, दोन्ही टोकं. मी आठवणीतून व्ही, व्ही लिहिणारच होते. पण ठरवलं होतं म्हणून डिशच्या मागे वाकून फोटो काढायला गेले. खूण व्हीवर आहे. आणि तोंड आडवं आहे. भोकाची लांब बाजू जमिनीला धरून, झोपलेली.

मी फोटो दोनदा मोठा करून बघितला.

नळीच्या आत लहर लांब बाजूवर हलत नाही. एका रुंद भिंतीवरून समोरच्या रुंद भिंतीकडे हलते, म्हणजे अरुंद अंतरातून. तोंड झोपलेलं असलं की लहर उभी. तोंड उभं केलं की लहर आडवी. हे मला माहीत आहे. तिसऱ्या वर्षाला आकृतीसकट आठ मार्कांना होतं, सात मिळाले होते. एक मार्क बाण न काढल्याबद्दल गेला होता.

येडूभाऊंनी विचारलं, तोंड कसं लावू. मी लहरीचं उत्तर दिलं. व्हर्टिकलचं मराठी केलं, उभं. त्यांनी तोंड उभं लावलं. सांगितलं तेच.

उभी लहर आडव्या लहरीच्या डिशला ऐकूच येत नाही, फार फार तर हजारावा भाग. आणि अशा वेळी मधोमध खड्डा आणि दोन्हीकडे उंचवटे येतात. मी ते बघितले होते आणि त्यांचा वेगळा अर्थ लावला होता.

खात्री करायला फोन केला. "येडूभाऊ, आठ तारखेला तोंड कसं लावलंत?"

"उभं. तुमी म्हनलात तसं."

"बरं," म्हटलं आणि ठेवला. पुढे बोलायला हवं होतं.

१८ जानेवारी, रविवार

आज जे मनात आलं ते लिहिते, कारण ही वही त्यासाठीच आहे.

एक सोपा रस्ता आहे. नवा रिगर येईल तेव्हा त्याला फोनवर सांगायचं, रेडिओ काढून तोंड झोपवून लाव. सिग्नल येईल. फॉर्म सरांनी सांगितला तसाच जाईल. सगळे म्हणतील, माणूस बदलला, काम झालं. मी कायम होईन. आईला सांगता येईल.

दुसरा त्याहून सोपा. तिकडे हातच लावायचा नाही, माझीच डिश नव्वद अंशात फिरवायची. चार बोल्ट. परवान्यात व्ही आहे तेवढंच, ते कोण बघायला येतंय.

हे विचार माझेच आहेत, दुसऱ्या कुणी सुचवलेले नाहीत. सकाळी अकरापासून संध्याकाळी चारपर्यंत ते मनात होते. चार वाजता मी फॉर्म काढला आणि जबाबदारच्या पुढे येडूभाऊंचं नाव माझ्या अक्षरात लिहून बघितलं, पेन्सिलीने. "येडू" दोनच अक्षरं. ती माझ्या अक्षरात वाचवेनात. खोडलं.

मग स्वच्छ फॉर्म घेतला. लिहायला वीस मिनिटं लागली.

१९ जानेवारी, सोमवार

सरांनी फॉर्म दोनदा वाचला.

"'टॉवरवरील रिगरने तोंडाची दिशा विचारली असता मी लहरीची दिशा सांगितली. रिगरने सूचनेप्रमाणे अचूक काम केले.' हे कंपनीला जाणार?"

"हो सर."

"तुझं नाव घालून?"

"उत्तर मीच दिलं होतं."

"तू गप्प बसली असतीस तर मला कळलं नसतं, माहितीये?"

"माहीत आहे. म्हणूनच शनिवारी सापडलेलं आज सांगतेय, दोन दिवस तोच विचार करत होते."

ते खिडकीपाशी गेले. खाली पेठेत कुणाचा तरी टेम्पो अडकला होता, सगळे हॉर्न वाजवत होते. सर तेच बघत राहिले. मला वाटलं आता नको म्हणतील, घरी जा म्हणतील. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून ठेवला होता, तो सोडवताना कळलं किती घट्ट होता.

मग त्यांनी फोन लावला. "काय बे येडू. उद्या चढायचंय. तेच. हां. नाही, तुझं नाही चुकलं." पलीकडचं ऐकून घेतलं. "मी ओरडलो त्या दिवशी ते सोड." फोन ठेवून मला म्हणाले, "गच्चीवर मी बसतो. तू माळावर जा."

मला गच्चीवर नको म्हणाले. समजू शकते.

२० जानेवारी, मंगळवार

माळावर वारा होता. येडूभाऊ पट्टे आवळत होते. मी जाऊन समोर उभी राहिले आणि पाठ केलेलं बोलून टाकलं, की चूक माझी होती, मी तुमचं नाव लिहिणार होते, लिहून बघितलंही, मला माफ करा.

ते पट्टा आवळतच राहिले. "कागदावर तुमचंच नाव घातलं म्हनं."

"हो."

"लई शाण्या. तीस तारखेला कायम व्हायच्या, आन एकोनिसला कागुद लिवत्यात."

"एकतीस तारीख आहे."

"बरं, एकतीस."

मी विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं लावताय. तोंड उभं लावलं की आपली लिंक होत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"उभं कवा लावलंच न्हवतं की आजपतुर. खुना बघून लावायचो, तवा बी झोपलेलंच असायचं. आठ तारखेलाच मनात आलं, ह्ये काय इपरीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. हिकडचं तोंड बघून येतो म्हनलं. तुमी म्हनलात, कामाचं बोला." ते हसले, रागाने नाही. "म्हनलं, ताई शिकल्याली हाय. नवी पद्धत निगाली आसंल. मागं सर बी हुतं तुमच्या. सरांच्या म्होरं तुमाला कसं म्हनू, चुकतंय म्हनून?"

ते वर चढायला लागले. चाळीस मीटर. मी मान वर करून बघत राहिले.

रेडिओ बंद केला, चार बोल्ट सैल केले, नळी फिरवली. परत चालू व्हायला काही मिनिटं जातात. माझ्या फोनला रेंज नाही, त्यामुळे सर वर येडूभाऊंना आकडा सांगत होते आणि येडूभाऊ तो वरून ओरडून मला सांगत होते. दोन्ही तळवे तोंडापुढे धरून, आप्पांसारखे.

"चव्वेचाळीस."

मग बारीक बारीक फिरवणं. "बेचाळीस. चाळीस. थांबा. एकोनचाळीस." मग बराच वेळ काही नाही. मग, "अडतीस. बांदू का?"

मी खालून हात हलवला. ते दिसलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी बांधलं.

दुपारी चारला कंपनीने टॉवर चालू केला. माझ्या फोनवर पाच दांड्या आल्या. खाली आल्यावर येडूभाऊंनी त्यांच्या बायकोला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "मी टावरखालनं बोलतोय. व्हय, खालनं. ऐकू येतंय न्हवं?"

२३ जानेवारी, शुक्रवार

सरांनी आज नव्या फॉर्मची प्रत दिली. त्यात रकाना वाढवलाय: तोंडाचा फोटो, दोन्ही टोकांचा, लांब बाजू कशी आहे ते शब्दांत. यापुढे प्रत्येक कामाला हा भरायचा. म्हणजे माझी चूक आता प्रत्येक फॉर्मवर छापून येणार.

शिवाय वळसंगच्या लिंकची यादी लागली. टॉवर: येडू. पुढचा रकाना: दोन्ही टोकांची जबाबदारी, सुकन्या. आजवर कुणालाही एकाच टोकाची असायची, दुसरं टोक सर स्वतः बघायचे. मी विचारलं तर म्हणाले, "यापुढं दोन्ही टोकं तूच बघायचीस. मला फक्त आकडा सांगायचा." बहुतेक एकाच टोकावर माझ्यावर भरवसा उरला नाही, म्हणून सगळंच डोळ्यांसमोर ठेवायला लावलंय. कायम करण्याबद्दल काही बोलले नाहीत. जाताना कार्डासाठी दोन फोटो आणि रक्तगट मागितला. कुठलं कार्ड, ते विचारायचं राहिलं.

दुप्पट काम होणार आहे. तरी करीन. येडूभाऊंचं नाव यादीत आहे, तेवढ्याने आज शांत झोप लागेल असं वाटतं.

सोमवारची गाडीची वेळ सांगायला त्यांना फोन केला. सहज म्हटलं, की सरांनी मला शिक्षा म्हणून दोन्ही टोकं दिलीत, तेव्हा तुम्हाला माझ्याशी दुप्पट बोलावं लागणार.

पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, ते हसतायत. चांगलं मिनिटभर हसले. मग म्हणाले, "ताई, सरांना म्हनावं, अशी शिक्षा मला बी द्या की येकदा."

त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. गाडी सकाळी सातला आहे.